ऑनलाइन लिलावातील बेभरवशाचे विक्रेते: पैसे अडकल्यावर वाद कसा चालवावा?

निरगाठ

ऑनलाइन लिलावात बोली जिंकून पैसे भरल्यानंतर वस्तू न येणे, तुटकी येणे, वर्णनाशी न जुळणे किंवा विक्रेत्याने उत्तरच न देणे, हे अनुभव नियमित भाग घेणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतात. अशा वेळी पैसे परत मिळतील की नाही हे खरेदीदाराची बाजू किती खरी आहे यापेक्षा त्याने तक्रार कोणत्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने नोंदवली यावर जास्त अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले त्यांपैकी अनेकांची बाजू शंभर टक्के खरी होती. मात्र ते विक्रेत्याच्या आश्वासनांवर विसंबून राहिले आणि तेवढ्यात तक्रारीची मुदत उलटून गेली.

मुदतींचा हिशेब आधी मांडतो. ईबे या लिलावाच्या संकेतस्थळाच्या, पैसे परत देण्याच्या हमीखाली, वस्तू मिळाल्यापासून किंवा ती मिळालीच नसेल तर पोहोचण्याच्या अंदाजित शेवटच्या तारखेपासून, ३० दिवसांच्या आत तक्रार नोंदवावी लागते. त्यानंतर विक्रेत्याला कामकाजाचे ३ दिवस मिळतात. तेवढ्यात प्रश्न सुटला नाही, तर ईबेला मध्ये पडण्यास सांगता येते, आणि हे सांगण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. पेपाल या पैसे देण्याच्या सेवेतून पैसे दिले असतील, तर त्या दिवसापासून १८० दिवसांत वाद उघडता येतो. मात्र उघडल्यापासून २० दिवसांच्या आत त्याचे दाव्यात, म्हणजे पेपालनेच निर्णय द्यावा अशा मागणीत, रूपांतर केले नाही, तर तो आपोआप बंद होतो आणि पुन्हा उघडता येत नाही. कार्डाने पैसे दिले असतील, तर बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत फिरवणे, मागण्याची मुदत बहुतेक प्रकरणांत १२० दिवसांची असते, पण ती कोणत्या दिवसापासून मोजायची हे तक्रारीच्या कारणानुसार बदलते, त्यामुळे ते बँकेलाच विचारावे. इतर संकेतस्थळांचे आकडे वेगळे असतात आणि हे आकडेही बदलू शकतात. म्हणून पैसे भरण्याच्या दिवशीच आपल्या व्यवहाराला लागू असलेला नियम वाचावा आणि शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवावी.

आता विक्रेत्यांविषयी. काहींचा कारभार अस्ताव्यस्त असतो, काही जण चूक झाली हे ठाऊक असूनही टोलवाटोलवी करतात आणि काही सुरुवातीपासूनच फसवण्याच्या इराद्याने बसलेले असतात. पहिल्या काही दिवसांत हे तिघे अगदी सारखेच बोलतात. पार्सल कालच पाठवले, घरात आजारपण आहे, कुरिअरकडे चौकशी सुरू आहे, नवा ट्रॅकिंग क्रमांक सोमवारी देतो, अशी उत्तरे तिघांकडूनही येतात, आणि त्यांतली काही खरीही असतात. समोरचा विक्रेता यांतला कोणता हे ओळखण्यात खरेदीदार आपली शक्ती खर्च करतो, असे मला वारंवार दिसते. ती ओळख पटण्याची गरजच नसते, कारण तिघांच्याही बाबतीत करायचे काम एकच आहे.

ते काम असे. पहिला संदेश संकेतस्थळाच्या स्वतःच्या संदेशपेटीतूनच पाठवावा. त्यात एकच विषय, एकच मागणी आणि एकच तारीख असावी. ती तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी अधिकृत तक्रार नोंदवावी आणि त्यानंतरचा सगळा संवाद त्या तक्रारीच्या पानावरच ठेवावा. विक्रेत्याने फोनवर बोलण्याचा आग्रह धरला, तर बोलणे झाल्यावर लगेच 'आपल्या आजच्या बोलण्यात असे असे ठरले' एवढे दोन ओळींत त्याच पेटीतून लिहून पाठवावे. वादाचा निर्णय करणारी व्यक्ती फोनवरचे बोलणे ऐकू शकत नाही. तिच्यासमोर त्या पानावर जेवढे असते, तेवढेच असते.

दोन अटी मात्र कधीही मान्य करू नयेत. 'आधी तक्रार मागे घ्या, मग लगेच पैसे पाठवतो' ही पहिली. मागे घेतलेली तक्रार बहुतेक ठिकाणी कायमची बंद होते, आणि खरोखर पैसे परत करू इच्छिणाऱ्या विक्रेत्याला तक्रार चालू असताना परतावा देण्यात कोणतीही अडचण नसते. दुसरी अट म्हणजे मूळ मार्ग सोडून भलत्याच मार्गाने परतावा घेण्याची. त्यात पैसे आले नाहीत तर काही सिद्ध करता येत नाही, आणि 'चुकून जास्त रक्कम पाठवली, वरची परत करा' असा दुसरा सापळाही अनेकदा तिथेच लावलेला असतो.

वर्णनाशी न जुळणाऱ्या वस्तू, ट्रॅकिंगमधील घोटाळे आणि कायद्याची बाजू यांवर इथल्या जाणकारांनी लिहावे, अशी विनंती आहे.

टपालपेटी

मी जुनी पोस्टकार्डे आणि टपाल तिकिटे विकतो, म्हणजे या वादात दुसऱ्या बाजूला बसतो. निरगाठ यांच्या मांडणीशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, तरी विक्रेत्याच्या बाजूने काही सांगणे आवश्यक वाटते.

तक्रार नोंदली गेली की अनेक ठिकाणी तेवढी रक्कम गोठवली जाते आणि छोट्या विक्रेत्याच्या हातातला पैसा अडकतो. म्हणून अंदाजित तारीख उलटण्याआधीच 'वस्तू मिळाली नाही' अशी तक्रार करणे अन्यायाचे आहे. परदेशातून येणारे पार्सल सीमाशुल्क खात्यात अडकले, तर ट्रॅकिंग कित्येक दिवस एकाच नोंदीवर थांबलेले दिसते, आणि त्या काळात विक्रेत्यालाही खरेदीदाराइतकीच माहिती असते.

मात्र तारीख उलटल्यानंतर संकोच करू नका. तक्रार म्हणजे विक्रेत्याच्या तोंडावर केलेला आरोप, असे मानून सज्जन खरेदीदार ती टाळतात, पण प्रत्यक्षात विक्रेत्याचा दर्जा सर्वांत जास्त कशाने घसरतो ते पाहावे. ईबेवर विक्रेत्याने स्वतः न सोडवलेली आणि शेवटी ईबेला त्याच्या विरोधात निकाली काढावी लागलेली प्रकरणे एकूण व्यवहारांच्या ०.३ टक्क्यांवर गेली, तर त्याचा दर्जा किमान पातळीखाली येऊ शकतो. ज्याने ३ दिवसांत स्वतःच परतावा दिला, त्याच्या खात्यावर हा डाग लागत नाही. प्रामाणिक विक्रेत्याला अधिकृत तक्रारीने फारसे नुकसान होत नाही, उलट त्याला नेमके काय आणि कधीपर्यंत करायचे आहे ते कळते.

आणखी एक कळकळीची विनंती आहे. संदेशात 'चोर', 'लुटारू' असे शब्द लिहू नका. विक्रेत्याच्या भावना जपण्यासाठी हे सांगत नाही. तोच संदेश पुढे मध्यस्थ वाचणार असतो, आणि शिवीगाळीमध्ये तारीख आणि वस्तुस्थिती शोधत बसायला त्याच्याकडे वेळ नसतो.

निरगाठ

अंदाजित तारखेचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. सीमाशुल्क किंवा वाहतुकीमुळे उशीर होत असेल, तर तारीख उलटल्यावर विक्रेत्याला वाढीव वेळ जरूर द्यावा, पण तो आपल्या तक्रारीच्या मुदतीच्या आत बसेल एवढाच द्यावा. खरेदीदाराने औदार्याने दिलेला वेळ संकेतस्थळ मुदतीत मिळवत नाही.

शाईदौत

मी जुनी फाउंटन पेन गोळा करते, आणि या छंदात न आलेल्या वस्तूपेक्षा वर्णनाशी न जुळणारी वस्तू जास्त त्रास देते. 'चालू स्थितीत' म्हणून विकलेल्या पेनाच्या टोपणाला बारीक तडा असतो, निब दुसऱ्याच पेनाची असते, किंवा छायाचित्रात दिसलेली नक्षी प्रत्यक्षात पॉलिश करून घालवलेली असते. असे वाद जिंकता येतात, पण त्यांची तयारी पार्सल उघडण्याआधी सुरू करावी लागते.

बोली जिंकल्याच्या दिवशीच लिलावाचे संपूर्ण पान, सर्व छायाचित्रे आणि वर्णन जतन करावे, कारण ते पान काही काळाने दिसेनासे होते. पार्सल हातात आले की बंद अवस्थेतच त्याच्या सर्व बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि लेबलवर छापलेले वजन वाचता येईल असे एक छायाचित्र त्यांत असावे. नंतर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मध्ये न थांबवता घ्यावा. दोष आढळला, तर विक्रेत्याने ज्या कोनातून छायाचित्र दिले होते त्याच कोनातून आपले छायाचित्र काढावे, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवताच फरक स्वतःहून दिसतो. या टप्प्यावर वस्तू साफ करू नये, जोडू नये, दुरुस्तही करू नये. 'तडा तुमच्या हातून गेला' असे म्हणण्याची संधी त्यामुळे विक्रेत्याला मिळते.

तक्रार लिहिताना आपले मत बाजूला ठेवावे. वर्णनातले वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावे आणि त्याखाली प्रत्यक्षात काय आढळले ते लिहावे. 'निकृष्ट माल पाठवला' या वाक्यावर कोणी निर्णय देऊ शकत नाही. 'वर्णनात टोपण अखंड असल्याचे म्हटले आहे; टोपणाच्या कडेपासून क्लिपपर्यंत तडा आहे, छायाचित्र क्रमांक ४ पाहावे' यावर देऊ शकतो.

लिलावाच्या पानावर 'आहे त्या स्थितीत विक्री, परतावा नाही' असे छापलेले पाहून अनेक जण तक्रारच करत नाहीत. त्या ओळीमुळे केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करता येत नाही, एवढेच. वस्तू वर्णनाशी जुळत नसेल, तर ईबेच्या हमीखाली त्या ओळीने विक्रेता सुटत नाही. पण वर्णनातच 'बंद, सुट्या भागांसाठी' असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर पेन चालत नाही ही तक्रार टिकणार नाही, आणि ती करूही नये.

विक्रेता काही रक्कम परत देऊन वस्तू ठेवून घ्या असे सुचवतो, तेव्हा दुरुस्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा आणि मगच उत्तर द्यावे. दोष छोटा असेल तर मी बहुतेक वेळा हा मार्ग स्वीकारते, कारण जुन्या वस्तूंमध्ये परतीच्या प्रवासात आणखी नुकसान होण्याचा धोका असतो. पण ती रक्कम तक्रारीच्या पानावरूनच यावी. वस्तू परत पाठवायची झाल्यास परतीची अधिकृत नोंद झाल्यावर, नोंदीतल्याच पत्त्यावर आणि ट्रॅकिंगसहच पाठवावी. मध्येच दुसरा पत्ता दिला गेला आणि तुम्ही तिथे पार्सल पाठवले, तर परतावा अडतो. पार्सल बांधतानाचाही व्हिडिओ घ्यावा, हे वेगळे सांगायला नको.

पहिली_बोली

माझी अडचण वेगळी आहे. ट्रॅकिंगवर 'पोहोचले' असे दिसते, पण माझ्याकडे काहीच आलेले नाही. विक्रेता त्या नोंदीचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि आपले काम संपले म्हणतो. मी शेजाऱ्यांकडे आणि इमारतीच्या पहारेकऱ्याकडेही चौकशी केली आहे. माझ्याकडे न मिळाल्याचा पुरावा काय असणार?

टपालपेटी

न मिळाल्याचा पुरावा कोणीच देऊ शकत नाही. म्हणून जे पोहोचले ते पार्सल तुमचे नव्हते, हे दाखवण्याच्या दिशेने जावे.

सार्वजनिक ट्रॅकिंगवर सहसा गाव आणि पिनकोड एवढेच दिसते. फसवणूक करणारे याचाच फायदा घेतात. त्याच पिनकोडमधल्या भलत्याच पत्त्यावर ते एखादे रिकामे पाकीट पाठवतात, आणि पडद्यावर मात्र तुमच्या गावात 'पोहोचले' असे उमटते. वाहतूकदाराकडे याहून बरीच जास्त माहिती असते. त्यांच्याकडे लेखी अर्ज करून या क्रमांकाचे पार्सल कोणत्या पत्त्यावर दिले, सही कोणाची आहे, स्वीकारताना वजन किती नोंदले होते आणि ते कोणत्या कार्यालयात जमा झाले, असे चार प्रश्न विचारावेत. गोपनीयतेमुळे ते दुसऱ्याचा पत्ता सांगणार नाहीत, पण 'हे पार्सल आपल्या पत्त्यावर दिलेले नाही' असे पत्र किंवा ईमेल अनेक वाहतूकदार देतात, आणि तेवढे पुरते. वजनाची नोंद तर फार बोलकी असते. दोन किलोच्या वस्तूचे पार्सल शंभर ग्रॅमचे निघाले, तर पुढे युक्तिवाद करण्याची गरज उरत नाही. पार्सल विक्रेत्याने सांगितलेल्या शहराऐवजी दुसरीकडेच जमा झालेले असेल, तर तेही लिहावे.

हे उत्तर येईपर्यंत तक्रार थांबवू नका. आजच नोंदवा, 'वाहतूकदाराकडून लेखी माहिती मागवली आहे' असे तिच्यात लिहा, आणि पत्र आल्यावर जोडा.

मध्यरेषा

पैसे ज्या मार्गाने गेले त्याच मार्गावर ते परत मिळण्याची शक्यता ठरते, म्हणून त्याविषयी थोडे लिहिते.

कार्ड आणि पेपालसारखी सेवा यांच्या मागे वाद सोडवण्याची स्वतंत्र यंत्रणा असते. थेट बँक हस्तांतर, गिफ्ट कार्डांचे क्रमांक आणि क्रिप्टो यांच्यामागे ती जवळजवळ नसते. पेपालमध्येही 'मित्र आणि कुटुंब' या प्रकाराने पाठवलेल्या पैशाला खरेदीदाराचे संरक्षण मिळत नाही, आणि नेमके म्हणूनच शुल्क वाचवण्याच्या नावाखाली विक्रेता तो पर्याय सुचवतो. चीनमध्ये ताओबाओ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाने २००३ मध्ये अलीपे या नावाने पैसे देण्याची जी पद्धत सुरू केली, ती याच अविश्वासातून जन्मली. खरेदीदाराचे पैसे मध्यस्थाकडे थांबतात आणि वस्तू मिळाल्याचे खरेदीदाराने कळवल्यावरच ते विक्रेत्याकडे जातात. अशी व्यवस्था संकेतस्थळाचीच असेल तर उत्तम. विक्रेत्याने स्वतः दुवा पाठवून सुचवलेल्या 'एस्क्रो' सेवेवर मात्र कधीही पैसे भरू नयेत. ते पान बहुधा त्यानेच उभे केलेले असते.

लिलाव हरल्यानंतर 'जिंकणाऱ्याने माघार घेतली, वस्तू तुम्हाला देतो, पैसे थेट पाठवा' असा ईमेल आला, तरी तोच नियम लागू करावा. खरा दुसऱ्या संधीचा प्रस्ताव आपल्या खात्यातील संदेशपेटीत दिसतो. तिथे तो नसेल, तर ईमेल खोटा आहे.

लोक नेहमी घोळ घालतात तो क्रमाचा. संकेतस्थळावर तक्रार, पेपालमध्ये दावा आणि बँकेत चार्जबॅक अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या, तर दबाव वाढेल असे वाटते. प्रत्यक्षात बँकेत चार्जबॅक सुरू झाला की पेपाल आपल्याकडील प्रकरण बंद करते, आणि संकेतस्थळेही साधारणपणे तसेच करतात. म्हणून आधी संकेतस्थळ, तिथे दाद मिळाली नाही तर पैसे देणारी सेवा आणि शेवटी बँक, असा क्रम मी सुचवेन, मात्र प्रत्येक टप्प्यावर पुढच्याची मुदत शिल्लक आहे ना, हे पाहूनच. संकेतस्थळाचा नकार लेखी आलेला असेल, तर तोही बँकेला दाखवावा.

काही देशांत कार्डधारकाला कायद्याचा आधार आहे. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पत कायद्याचे कलम ७५ क्रेडिट कार्डाने घेतलेल्या १०० पाउंडांहून जास्त आणि ३०,००० पाउंडांपर्यंतच्या वस्तूंसाठी कार्ड कंपनीलाही विक्रेत्याइतकेच जबाबदार धरते. पण मध्ये पैसे देणारी तिसरी सेवा आली, तर हा आधार निसटू शकतो. अमेरिकेत त्याच वर्षीच्या बिलिंगविषयक कायद्यानुसार हरकत लेखी द्यावी लागते, आणि ती विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत पोहोचावी लागते. डेबिट कार्डाला या दोन्ही तरतुदी लागू नाहीत.

कोरीव

लिलावात माझी बोली सर्वांत वरची ठरली, पण किंमत फारशी चढली नव्हती. दुसऱ्याच दिवशी विक्रेत्याने 'वस्तू पडून फुटली' असे कळवून व्यवहार रद्द केला आणि पैसे परत केले. काही आठवड्यांनी तीच वस्तू, तीच छायाचित्रे, वाढीव किमान किमतीसह पुन्हा लिलावात आली. पैसे परत मिळाले म्हणजे माझा हक्क संपला का?

कलमनामा

संकेतस्थळाच्या दृष्टीने बहुतेक वेळा संपतो. त्यांची हमी पैशांची असते, वस्तूची नसते. तरी दोन्ही पाने जतन करून तक्रार अवश्य करावी, कारण किंमत आवडली नाही म्हणून विक्री नाकारणे हा नियमभंग आहे आणि अशा तक्रारी साचल्या की खात्यावर कारवाई होऊ शकते.

कायद्याच्या दृष्टीने चित्र बरेच वेगळे आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दुसऱ्या महायुद्धातील एका विमानाचे प्रकरण आले. ईबेवर १,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरना बोली लागली होती, पण विक्रेत्याने दरम्यान एक लाख डॉलर जास्त देणाऱ्याशी बोलणी केली होती. न्यायालयाने ईबेवरील करार बंधनकारक ठरवला आणि विमान बोली लावणाऱ्याला देण्यास सांगितले. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने २०१४ मध्ये असाच निकाल दिला. १ युरोपासून सुरू झालेला एका गाडीचा लिलाव विक्रेत्याने मध्येच बंद करून गाडी बाहेर विकली होती. तोपर्यंत एकच बोली आलेली असल्यामुळे करार १ युरोला झाला असे मानून खरेदीदाराला ५,२४९ युरो भरपाई मिळाली. सौदा विक्रेत्याला फार महाग पडला, या कारणाने करार मोडत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

त्याच न्यायालयाचा २०१६ चा निकाल तर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एका विक्रेत्याने दुसऱ्या खात्यावरून स्वतःच बोली लावून आपल्या गाडीची किंमत फुगवली होती. स्वतःशी करार करता येत नाही, म्हणून त्याच्या सगळ्या बोली रद्द मानल्या गेल्या. त्या वगळता खऱ्या खरेदीदाराची बोली १.५० युरोवर उरली आणि त्याला १६,५०० युरोंची भरपाई मंजूर झाली. खोट्या बोलींचा संशय असेल, तर बोलींची पूर्ण यादी जतन करावी असे मी सांगतो, ते यासाठी. एकाच विक्रेत्याच्या लिलावांत वारंवार दिसणारे आणि कधीही न जिंकणारे खाते, हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे.

युरोपीय संघातील वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. विक्रेता व्यावसायिक असेल, तर ऑनलाइन लिलावातील खरेदीही कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते. संघाच्या २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशातील सूट खरेदीदाराला प्रत्यक्ष हजर राहता येईल अशा जाहीर लिलावांपुरती आहे. खासगी विक्रेत्याला मात्र हा नियम लागू होत नाही. संघातील दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याविरुद्ध ५,००० युरोपर्यंतच्या दाव्यांसाठी युरोपीय लघुदावा प्रक्रिया आहे. जुन्या लेखांत सुचवलेले युरोपीय आयोगाचे ऑनलाइन तक्रार निवारण व्यासपीठ २० जुलै २०२५ रोजी बंद झाले असल्यामुळे त्याच्या शोधात वेळ घालवू नये.

हे निकाल त्या त्या देशांपुरते आहेत, आणि न्यायालयात जाणे महागड्या वस्तूंच्या बाबतीतच परवडते. पण विक्रेत्याला लिहिताना 'पैसे परत केले म्हणजे विषय संपला' हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

संग्रहखूण

अभिप्रायांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. वाद टाळायचा असेल, तर बोली लावण्याआधी अभिप्राय कसे वाचावेत हे शिकणे आवश्यक आहे.

ईबे १९९५ मध्ये सुरू झाले आणि अभिप्रायांची सोय १९९६ मध्ये आली. पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर या संशोधकांनी ईबेवरचे १९९९ मधील व्यवहार तपासले, तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी ९९.१ टक्के अनुकूल निघाले. एवढे सगळे विक्रेते चांगले होते असे मानणे कठीण आहे. वाईट शेरा दिला तर विक्रेता उलट आपल्यालाच वाईट शेरा देईल, ही भीती खरेदीदारांना होती. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना खरेदीदाराविषयी प्रतिकूल शेरा देण्यास मनाई केली, ती ही भीती घालवण्यासाठीच. तरीही ९९ टक्के अनुकूल हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. प्रतिकूल आणि तटस्थ शेरे उघडून वाचावेत, ते अलीकडच्या काळात गोळा झाले आहेत का हे पाहावे, आणि विक्रेत्याने आधी काय विकले हे तपासावे. बराच काळ किरकोळ वस्तू विकून अचानक महागड्या वस्तूंचे एकामागून एक लिलाव लावणारे, किंवा दीर्घकाळ निष्क्रिय असून एकाएकी जागे झालेले खाते, यांच्यापासून लांब राहावे. असे खाते चोरलेलेही असू शकते.

शेऱ्याची किंमत विक्रेत्याला चांगलीच ठाऊक असते. रेझनिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकाच व्यापाऱ्याने जुनी पोस्टकार्डे आपल्या जुन्या, नावाजलेल्या खात्यावरून आणि नव्या खात्यांवरूनही विकली. नावाजलेल्या खात्याला खरेदीदार सरासरी ८.१ टक्के जास्त देण्यास तयार होते. त्यामुळे 'शेरा देईन' अशी धमकी देण्याचा मोह होतो. तो टाळावा. वर्णनात नसलेली गोष्ट शेऱ्याच्या धाकाने मिळवणे हा ईबेवर खरेदीदाराचाच नियमभंग ठरतो, आणि जिंकण्यासारखे प्रकरण त्याने कमकुवत होते. प्रकरण बंद झाल्यावर, मुदत असेतो, शेरा जरूर द्यावा, आणि त्यात वस्तू कोणती, काय बिघडले आणि परतावा कसा मिळाला एवढेच लिहावे. पुढच्या खरेदीदाराला तेच उपयोगी पडते.

पहिली_बोली

तक्रार नोंदवली आहे आणि वाहतूकदाराकडे अर्जही केला आहे. आज पाहिले तर विक्रेत्याच्या नावासमोर 'आता नोंदणीकृत नाही' असे दिसते. आता तक्रारीचा उपयोग आहे का?

निरगाठ

आहे, आणि ती मुळीच मागे घेऊ नका. खाते बंद झाले तरी झालेला व्यवहार आणि त्यावरची हमी टिकून राहते. विक्रेता ३ दिवसांत उत्तर देणार नाही हे आता जवळजवळ निश्चित आहे, त्यामुळे चौथ्या कामकाजाच्या दिवशी ईबेला मध्ये पडण्यास सांगा आणि तोपर्यंत वाहतूकदाराचे उत्तर आले असेल तर जोडा. निर्णय विरोधात गेला, तर नव्या पुराव्यासह ३० दिवसांत फेरविचार मागता येतो. वाहतूकदाराचे पत्र उशिरा आले तर ते तिथे कामी येईल. विक्रेता दुसऱ्या देशातला असेल, तर ईकन्झ्युमर या संकेतस्थळावरही नोंद करा. ते अनेक देशांच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मिळून २००१ मध्ये सुरू केले आहे. तिथून तुमचे पैसे परत येणार नाहीत, पण तोच माणूस नव्या नावाने उभा राहिला, तर तपास करणाऱ्यांना दोन्ही प्रकरणे जोडता येतात. तुम्ही कार्डाने पैसे दिले होते का, ते कळवा, म्हणजे चार्जबॅकची शेवटची तारीख कशी मोजायची ते मध्यरेषा सांगू शकतील.